जॅझचा इतिहास तबकड्यांवरून ऐकायचा तर

जॅझ ऐकायचं ठरवलेल्या माणसाच्या हाती लोक बहुधा शंभर अल्बमची यादी ठेवतात. यादी चांगलीच असते, पण वरून खाली ऐकत गेलं की पंधराव्या नावापाशी माणूस दमतो आणि गुपचूप कुमार गंधर्वांकडे वळतो. मी फोंड्याला पेटी शिकवते. म्हापशात बाबांचं रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं, त्या दुकानातून घरी आलेल्या तबकड्यांवर माझा कान तयार झाला. त्यामुळे माझी रीत जरा वेगळी आहे. तबकडीत काय आहे ते ऐकायचंच, पण प्रत्येक वेळी हेही विचारायचं की हिच्यात काय मावलं नाही, आणि का.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे नवं नाही. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर एक राग तास-तासभर मांडत, पण 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीवर त्यांच्या वाट्याला तीन-साडेतीन मिनिटं येत. ती तीन मिनिटं म्हणजे केसरबाई, असं कोणी म्हणत नाही. जॅझवाल्यांनाही तेवढीच मिनिटं मिळत होती. गंमत म्हणजे 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी ‘जात कहाँ हो’ आहे आणि जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं 1927 सालचं ‘मेलँकली ब्लूज’ही आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. एवढ्याशा वेळात सगळं सांगून टाकण्याची घाई दोघांनाही नाही.

सुरुवात मात्र पहिल्या तबकडीपासून करू नका. 1917 साली न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ने न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण केलं, आणि जॅझची पहिली प्रसिद्ध तबकडी म्हणून तिचाच उल्लेख होतो. त्यात कोंबडा आरवतो, घोडा खिंकाळतो. एकदा ऐकायला ठीक आहे. पण ज्या काळ्या वादकांकडून हे संगीत आलं, त्यांना तबकडीवर यायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे ‘पहिली तबकडी’ सांगते ती कंपनीने दार कोणाला आधी उघडलं, एवढीच गोष्ट.

पहिल्या संध्याकाळी एकच चीज घ्या: ‘बॉडी अँड सोल’. जॉनी ग्रीनने 1930 मध्ये बांधलेली. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगने गायलेली आणि वाजवलेली, 1939 ची कोलमन हॉकिन्सची टेनर सॅक्सोफोनवरची, 1940 ची बिली हॉलिडेची आणि 1960 ची जॉन कोल्ट्रेनची अशी चार ध्वनिमुद्रणं ओळीने ऐका. चारही इंटरनेटवर सहज सापडतात. ऐकताना मोजा. चार मात्रांचा एक बार. असे आठ बार म्हणजे पहिला भाग. तोच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा मधला भाग, शेवटी पुन्हा पहिला. बत्तीस बारांचं हे एक आवर्तन, त्याला ते ‘कोरस’ म्हणतात. बोटांच्या पेरांवर मोजलं तरी चालतं, माझे विद्यार्थी तसंच मोजतात. सम हरवली तर मधला भाग येईपर्यंत थांबा, तिथे रंग पालटतो आणि जागा सापडते.

हॉकिन्स इथे काय करतो पाहा. पियानोची छोटी सुरुवात झाली की तो मूळ चाल जेमतेम काही बार दाखवतो आणि सोडून देतो. उरलेला सगळा वेळ, म्हणजे जवळजवळ दोन आवर्तनं, चालीखालच्या स्वरसमूहांवर (कॉर्ड्सवर) नवीन बांधत जातो. ठेका बोलत नसला तरी आवर्तन मनात चालूच आहे, हे ज्याला कळतं त्याला हॉकिन्स कळतो. मग कोल्ट्रेन लावा. तो पाच मिनिटांहून जास्त वाजवतो, कारण तोवर जास्त वेळ वाजणारी लाँगप्ले तबकडी आली होती. वादकाची कल्पना वाढली की तबकडी वाढली? दोन्ही. त्यांतलं कुठलं किती, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

आता एक वही करा. प्रत्येक तबकडीमागे चार गोष्टी लिहा: ध्वनिमुद्रणाची तारीख, गाव, कंपनी आणि वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं. तारीख प्रकाशनाची नको, ध्वनिमुद्रणाची हवी. कोल्ट्रेनचं ते ‘बॉडी अँड सोल’ 1960 मध्ये मुद्रित होऊन 1964 मध्ये बाहेर आलं. प्रकाशनाच्या वर्षाने लावलं, तर माणूस पुढे जाऊन मागे आल्यासारखा वाटतो. आणि मुख्य कलाकारापेक्षा मागच्या रांगेतल्या माणसाचा माग काढा, इतिहास तिथे जास्त सापडतो.

उदाहरण देते. 1926 च्या मे महिन्यात शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाने ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ मुद्रित केलं. लोक ते आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटसाठी ऐकतात. तुम्ही पियानो ऐका. तो टेडी वेदरफोर्ड. हा माणूस त्याच सुमारास आशियाकडे निघाला, शांघायला राहिला, मुंबईत ताजमध्ये वाजवू लागला आणि 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. मुंबई-कलकत्त्यात त्याच्या भोवती जे वादक वाढले, त्यांत आपले गोंयकार होते. एका नावाचा धागा धरला तर शिकागोहून आपण आपल्याच दारात येतो.

मग 1923 कडे चला. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने, ज्यात तेव्हा आर्मस्ट्राँगही होता, इंडियाना राज्यातल्या रिचमंडला, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. ‘चाइम्स ब्लूज’ लावलं, तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, “टीचर, ह्यात ढोल कुठे?” प्रश्न नेमका होता. मायक्रोफोन नव्हता. सगळे एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरत असे. मोठा ड्रम जोरात वाजला तर सुईच उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारख्या वादकाच्या हाती लाकडी ठोकळे आले. ऐकू येतं ते टकटक तेवढंच. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच वाद्य) इतका दमदार, की त्याला इतरांच्या बराच मागे उभं केलं होतं, असं पियानोवर बसलेली लिल हार्डिन सांगत असे. तेव्हा 1923 च्या तबकड्या ऐकून ‘त्या काळच्या जॅझमध्ये ताल पातळ होता’ असं कोणी म्हणालं, तर मान डोलवू नका.

1925 पासून मायक्रोफोन आला. फरक कळायला 1928 चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ पुरे. पहिली दहा-बारा सेकंदं आर्मस्ट्राँग एकटा आहे, साथ नाही, ठेका नाही. मला तो तुकडा पाठ आहे तरी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबतं. पुढे क्लॅरिनेटच्या उत्तरादाखल तो शब्दांशिवाय गातो, आणि अर्ल हाइन्सचा पियानो येतो. हाइन्सचं नाव वहीत ठळक लिहा, लगेच लागणार आहे.

कारण पुढे एक भोक आहे. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स तबकड्या वाजवून वादकांची रोजची कामं खात होते, त्याचा मोबदला संघटनेला हवा होता. डेक्का कंपनीने 1943 मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने 1944 च्या नोव्हेंबरात. नेमक्या ह्याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. 1943 मध्ये हाइन्सच्या मोठ्या वाद्यवृंदात सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी शेजारी बसून वाजवत होते, पण त्या वाद्यवृंदाची त्या काळातली एकही तबकडी निघाली नाही. बहिष्काराआधी, 1942 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवरही मर्यादा आणली होती. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातल्या जंगलांतून जात असे, आणि युद्धाने जहाजांचा रस्ता अडवला होता.

म्हणून वहीत त्या दोन वर्षांसाठी एक पान कोरं सोडा आणि मग पार्करचं ‘को-को’ लावा, 26 नोव्हेंबर 1945 चं. ते ‘चेरोकी’ या आधीच्या गाण्याच्या स्वरसमूहांवर उभं आहे, पण मूळ चाल कुठे दिसत नाही. आधी ‘चेरोकी’ ऐकून घ्या, नाहीतर वेगापलीकडे काही हाती लागणार नाही. ‘को-को’ याच नावाची ड्यूक एलिंग्टनची 1940 ची रचना अगदी वेगळी आहे. तीही ऐका, मला ती पार्करइतकीच प्रिय आहे. एवढं झालं की ‘जॅझ एका रात्रीत बदललं’ ही समजूत आपोआप गळते. दोन वर्षं लोक रोज रात्री वाजवत होते, फक्त यंत्र बंद होतं.

1948 मध्ये कोलंबियाने लाँगप्ले आणली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. इथून पुढचं लोक तुम्हाला सांगतीलच, मी एकाच वर्षावर थांबते, 1959 वर. त्या वर्षी माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’, ब्रूबेकचं ‘टाइम आउट’, मिंगसचं ‘मिंगस आह अम’ आणि ऑर्नेट कोलमनचं ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ मुद्रित झालं. ब्रूबेक त्याआधीच्या वर्षी भारतात येऊन गेला होता. ‘टाइम आउट’मधल्या ‘टेक फाइव्ह’च्या पाच मात्रा आपल्याला अजिबात अवघड जात नाहीत, त्यामुळे त्या तबकडीचं परदेशी कौतुक मला थोडं जास्त वाटतं.

‘काइंड ऑफ ब्लू’साठी पेटी काढा. त्यातल्या ‘सो व्हॉट’मध्ये पांढरी दोनचा षड्ज धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा: कोमल गंधार, कोमल निषाद, काफी थाट झाला. सोळा बार इथेच राहायचं. मग आठ बार षड्ज काळी दोनवर जातो, थाट तोच, आणि शेवटचे आठ बार पुन्हा खाली. ह्या दोन जागा हाताला कळल्या की कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडरली हे दोन सॅक्सोफोनवाले एकाच जागेवर उभे राहून किती वेगळं बोलतात, ते समजतं. पण पेटी जुळत नाही असं वाटलं तर घाबरू नका. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी, 2 मार्चला, मुख्य टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं निघालेल्या तबकड्यांची पहिली बाजू थोडी चढी वाजते, ती 1992 च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तपास सोपा आहे. दुसरी बाजू 22 एप्रिलची. ती पेटीशी जुळली आणि पहिली चढली, तर तुमच्याकडे जुनी प्रत आहे. दोन्ही चढल्या तर टर्नटेबलचा वेग तपासा.

प्रत्यक्ष तबकड्या जमवणार असाल तर गोव्याच्या पावसाची तयारी हवी. जूनपासून पुठ्ठ्याच्या कव्हरांवर बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवा, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. कपड्यांच्या कपाटात आपण पावसाळ्यात बल्ब लावतो तसा इथे लावू नका, विनाइल वाकतं. लाँगप्ले मळली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल वाचवा. 78 ला स्पिरिट लावायचं नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिला सुईही वेगळी, लाँगप्लेच्या सुईच्या साधारण तिप्पट रुंद टोकाची. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदला. बाबा गिऱ्हाइकांना हे सांगून थकले.

शेवटी घराकडे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई, आणि ती लिपी वाचता येणारे हात पुढे मुंबईच्या हॉटेलांत कामाला आले. हळदोण्याचा आंतोनियु शाव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेटवर आर्मस्ट्राँगची छाप घेऊन उभा राहिला. मुंबईत दारूबंदी आल्यावर रात्रीचे बँड आटले आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे सहायक होता. ‘समाधि’चं ‘गोरे गोरे’ (1950) आणि ‘अलबेला’ची गाणी (1951) तुमच्या घरात असणारच. ती आता शब्द सोडून ऐका: ट्रंपेट कुठे उत्तर देतो, ब्रास कुठे एकदम उसळतं. मग ख्रिस पेरी आणि लॉर्नाचं कोंकणी गाणं ‘बेबदो’ लावा. आणि लंडनला गेलेल्या आपल्या आमांसियु डिसिल्वाच्या गिटारसाठी सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबरची 1969 ची ‘हम दोनों’ शोधा. ती फार कमी लोक ऐकतात, आणि मिश्रणाच्या नावाखाली नंतर जे बरंच काही आलं त्यापेक्षा ती सरस आहे.

सिनेमाच्या तबकडीवर संगीतकार आणि गायकाचं नाव असतं, वादकाचं नाही. म्हणून वहीतला शेवटचा रकाना इथे रिकामा राहतो. तो भरायची जागा गोव्यातच आहे. हळदोणे, मडगाव, कुडचडे, कुठल्याही गावात विचारलंत, तर मुंबईला बँडमध्ये वाजवणाऱ्या कोणाचं तरी घर निघतं, आणि घरचे गाणं ऐकून सांगतात की हा आमचा पपा. नाव लिहा, पुढे प्रश्नचिन्ह करा, कोणी कधी सांगितलं तेही लिहा. दुसऱ्या घरातून तेच नाव आलं की प्रश्नचिन्ह खोडा.