१४ जानेवारीचा दिनविशेष : नोंदी कशा तपासाव्यात, म्हणीचं मूळ कसं लिहावं

नागपुरात शाळांच्या परिपाठात आणि वाचनालयांच्या दारातल्या फळ्यावर दिनविशेष असतो. मजकूर बहुधा मोबाइलवर फिरत आलेला असतो आणि एकदा चढलेली चूक पुढच्या वर्षीही तशीच चढते. नोंद तपासायची सवय लावायला १४ जानेवारीइतका चांगला दिवस नाही. नोंदी भरपूर, म्हणी भरपूर, आणि फसण्याच्या जागाही तेवढ्याच.

आधी आपल्या भागाच्या नोंदी घ्या. १४ जानेवारी १९२३ रोजी विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. संघाचं कार्यालय सीताबर्डीला आहे म्हणून पुष्कळजण ‘नागपुरात स्थापना’ असं लिहून मोकळे होतात, स्थापना अमरावतीची. दुसरी नोंद १९९४ ची, मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं त्याची. इथे ‘नामविस्तार’ असं लिहा. मागणी आणि लढा नामांतराचा होता, मिळाला तो नामविस्तार. ‘मराठवाडा’ हा शब्द नावात कायम राहिला. नागपूरच्या फळ्यावर १९७९ साली याच मागणीसाठी दीक्षाभूमीवरून निघालेल्या लाँग मार्चचा उल्लेख हवाच. तिसरी नोंद चिंतामणराव देशमुखांच्या जन्माची, १८९६. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढं सगळे लिहितात. त्यांची सुरुवातीची सनदी नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात झाली, हे जोडलं की नोंद आपली होते. राज्यात हा भूगोल दिन असतो, त्याला एक ओळ पुरे.

आता पानिपत. १५२६ आणि १५५६ सालीही तिथे लढाया झाल्या आहेत, तेव्हा ‘तिसरी लढाई’ असं स्पष्ट लिहा. मराठी साधनांत तिथी मिळते : पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायची सवय इथे घात करते, कारण उत्तर १७६० येतं. १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे असतात. १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१.

मग वार ताडून पाहा. सालाचे शेवटचे दोन आकडे ६१. त्याला ४ ने भागून पूर्णांक घ्या : १५. त्यात तारीख १४, जानेवारीचा ठरलेला आकडा १, १७०० च्या शतकाचा ४ आणि पुन्हा ते ६१ मिळवा. बेरीज ९५. सातने भागल्यावर बाकी ४. रविवार पहिला धरला तर चौथा बुधवार. जुळलं! १८०० च्या शतकासाठी २, १९०० साठी ०, २००० साठी ६ मिळवा. लीप वर्षातला जानेवारी-फेब्रुवारी असेल तर बेरजेतून १ वजा करा. वार जुळला नाही तर नोंद फळ्यावर नको. ही रीत १७५२ नंतरच्या तारखांनाच बिनधास्त वापरा. शिवकालीन तारखा बहुधा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या असतात. १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा त्याच पद्धतीची तारीख आहे.

म्हणीचं मूळ लिहिताना दोन गोष्टी तपासा : घटना घडली नसती तर हा शब्दप्रयोग जन्मला असता का, आणि सांगितलेली गोष्ट तारखेशी जुळते का. ‘पानिपत होणे’ पहिल्या कसोटीला सरळ उतरतं. ‘विश्वास पानिपतात गेला’ हेही उतरतं; नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव रणात गोळी लागून पडले, त्यांच्या नावावरचा हा श्लेष आहे. ‘तोतयाचं बंड’ सदाशिवरावभाऊंच्या तोतयावरून आलं, पण ते प्रकरण पुढचं. त्याला १४ जानेवारीखाली टाकू नका.

सर्वांत पसरलेली चूक संक्रांतीची. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार आला, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चूक आहेत. निरयन मकरसंक्रमण, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेला सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे १७६१ च्या १४ जानेवारीला संक्रांत होऊन गेली होती. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातल्या संक्रांतिफलात आहे : देवीचं वाहन कोणतं, वस्त्र कोणतं, ती कुठून येते, कुठे पाहते, आणि ती ज्याच्याकडे पाहील त्यावर अरिष्ट. ‘त्याच्यावर संक्रांत आली’ हे तिथलं आहे.

फळ्यावर पाच नोंदी आणि एक म्हण, याहून जास्त मजकूर नको. साल आधी, मग एकच वाक्य. रस्त्यावरून वाचता यावं म्हणून अक्षर दोन इंचांचं ठेवा आणि वेलांट्या-उकारांसाठी ओळींत तेवढीच मोकळी जागा सोडा. म्हणीची ओळ अशी लिहा : ‘विश्वास पानिपतात गेला – १७६१ च्या लढाईत पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरचा श्लेष.’ प्रत्येक नोंद कुठल्या पुस्तकातून घेतली ते पान क्रमांकासह वहीत टिपून ठेवा, पुढच्या वर्षी लिहिणाऱ्याला ते लागेल. त्या दिवशी शाळेला सुट्टी असेल तर नोंदी १३ तारखेच्या परिपाठात ‘उद्याचा दिनविशेष’ म्हणून वाचून घ्या. पतंगांच्या दिवशी फळ्याकडे कोणी फिरकत नाही.