इंजिन मिसिंग मारतंय? प्लग बदलण्याआधी स्कोप लावा

गाडी स्लोवर उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, एक्सलरेटर दिला की इंजिन अडखळतं आणि स्कॅनरवर कोड येतो: पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग (पेट्रोल नीट न जळणं). पुढचं बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलायचा, फरक नाही पडला तर प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल, तरीही नाही तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. पण हा कोड एवढंच सांगतो, की तिसऱ्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकशाफ्टचा वेग मंदावला. तो का मंदावला, हे कोडमध्ये नसतं. ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेज किंवा करंट क्षणाक्षणाला कसा बदलतो हे पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या यंत्रावर दिसतं, आणि तेही बहुतेक वेळा काहीही न उघडता.

साधनं फार लागत नाहीत. दोन चॅनेलचा स्कोप, काही शे अँपिअर मोजणारा मोठा करंट क्लॅम्प (वायर न तोडता तिच्याभोवती लावायचा चिमटा), ६०–१०० अँपिअरपर्यंतचा लहान क्लॅम्प, व्होल्टेज वीसपट कमी करणारा २०:१ चा अ‍ॅटेन्युएटर आणि कनेक्टरच्या मागून घालायच्या बारीक पिना. वायरचं इन्सुलेशन टोचून भोक पाडू नका. त्यात ओल शिरते आणि सहा महिन्यांनी नवंच दुखणं उभं राहतं. प्लगकडच्या बाजूला हजारो व्होल्ट असतात, तिथे साधा प्रोब कधीच लावायचा नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलना तर हातही लावू नका.

सुरुवात सेल्फच्या करंटपासून

माझा आग्रह आहे की ठिणगी आणि पेट्रोल नंतर बघा, आधी कॉम्प्रेशन. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या प्लग आणि कॉइल दोनदा बदलून झाल्या होत्या. बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प लावून सेल्फ मारला, तर पडद्यावर तीन उंचवटे एकसारखे आणि चौथा जेमतेम निम्मा. हेड उघडल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी जळालेली खाच दिसली. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती आधी केली असती तर गाडीवाल्याचे पैसे वाचले असते.

पद्धत अशी. मोठा क्लॅम्प शून्यावर आणून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती लावा. त्या टोकाला दोन-तीन केबल असतील तर सगळ्या जबड्यात घ्या. स्कोप पडद्यावरच्या एका घराला १०० मिलिसेकंदांवर ठेवा. इंजिन चालू होऊ द्यायचं नाही, म्हणून पेट्रोल तोडा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत एक्सलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच इंजेक्टर बंद ठेवतो. नाहीतर इंजेक्टरचा फ्यूज काढा. आता चार-पाच सेकंद सेल्फ मारा.

पहिला मोठा झटका सोडून द्या, तो थांबलेली मोटर हलवण्याचा असतो. त्यानंतरचा प्रत्येक उंचवटा म्हणजे एक पिस्टन हवा दाबत वर चाललाय. दाब कमी असेल तर मोटरला जोर कमी लागतो आणि उंचवटा बसका येतो. तो कुणाचा, हे ओळखायला दुसरा चॅनेल पहिल्या सिलिंडरच्या कॉइलच्या सिग्नलवर लावा. त्या खुणेपाशी असलेला उंचवटा पहिल्याचा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल, तर पुढचे त्याच क्रमाने मोजा.

एक लक्षात घ्या: ही फक्त आपसातली तुलना आहे. टायमिंग बेल्ट दात सोडून सरकला आणि चारही सिलिंडर सारखेच कमजोर झाले, तर चित्र अगदी देखणं दिसेल. तिथे कॉम्प्रेशन गेजच लागतो.

मग ठिणगी

उंचवटे सारखे असतील तर लहान क्लॅम्प कॉइलला येणाऱ्या बारा व्होल्टच्या वायरवर लावा. इंजिन स्लोवर, स्कोप एका घराला १ मिलिसेकंद. करंट तिरका चढत जातो, दोन-चार मिलिसेकंदांत साधारण ६ ते १० अँपिअरवर पोचतो आणि एकदम तुटतो. सुरुवातीलाच तो सरळ उभा उडी मारत असेल, तर कॉइलचे आतले वेढे शॉर्ट झालेत. चढण मंद आणि शेंडा बुटका असेल, तर कॉइलला दोष देण्याआधी कनेक्टर आणि अर्थिंग बघा.

खरी गोष्ट व्होल्टेजमध्ये असते. दोन वायरची कॉइल असेल, तर कंट्रोलच्या वायरवर अ‍ॅटेन्युएटर लावून बघा. (तीन-चार वायरच्या कॉइलमध्ये इग्नायटर (करंट तोडणारा स्विच) बहुधा आतच असतो, तिथे हे चित्र मिळत नाही; करंटवरच भागवावं लागतं.) करंट तुटताच ३००–४०० व्होल्टचा उभा शेंडा येतो. त्याला लागून एक आडवी रेघ दिसते. ती प्लगच्या फटीत ठिणगी जळत असल्याची रेघ, निरोगी इंजिनात साधारण १ ते २ मिलिसेकंदांची. ती संपल्यावर उरलेली ऊर्जा दोन-चार लाटांत विरून जाते.

ही आडवी रेघ मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. शेंडा उंच आणि रेघ आखूड: ठिणगीला उडी मारायलाच जास्त जोर लागतोय. प्लगची फट वाढलेली, वाटेत रेझिस्टन्स किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). शेंडा बुटका आणि रेघ लांब: प्लग काजळलेला किंवा फट बुजलेली. रेघ तीव्र उतरती असेल तर प्लगकडच्या बाजूचा रेझिस्टन्स संशयात घ्या. शेवटच्या लाटाच नसतील, तर कॉइल आतून गेली आहे. शंका उरलीच तर दोन सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा: दोष कॉइलबरोबर सरकला, तर गुन्हेगार सापडला.

स्लोवर सगळं ठीक आणि चढावर मिसिंग, असं असेल तर एक्सलरेटर क्षणभर झटक्यात दाबून सोडा. सिलिंडरमध्ये एकदम जास्त हवा शिरते आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर बूट (प्लगवरची रबरी टोपी) किंवा तडकलेला प्लग त्याच क्षणी उघडा पडतो.

शेवटी इंजेक्टर

पोर्टमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या साध्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुधा १२ ते १६ ओहम असतो आणि करंट साधारण १ अँपिअर. चढत्या करंटमध्ये एक बारीक खाच शोधा: त्या क्षणी आतली सुई उचलली जाते. तीन इंजेक्टरना खाच आहे आणि एकाला नाही, तर तो अडकलाय. इंजेक्टर बंद होताना ६०–८० व्होल्टचा शेंडा यायला हवा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांना हे आकडे लावू नका, त्यांचे इंजेक्टर चालवणारं सर्किट वेगळं आणि व्होल्टेज जास्त असतं.

मधूनच येणाऱ्या मिसिंगसाठी स्कोपवर २०–३० सेकंद सलग रेकॉर्डिंग करा. ७५० आरपीएमला पूर्ण चक्र १६० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे चार सिलिंडरमध्ये दर ४० मिलिसेकंदांना एकाची पाळी. धक्का जाणवला की रेकॉर्डिंग थांबवा आणि मागे जाऊन बघा: त्या पाळीला ठिणगी होती का, इंजेक्टर उघडला होता का. मिसिंग मारणारं इंजिन मात्र उगाच चालत ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याला तापवतं.

दुरुस्ती झाल्यावर त्याच सेटिंगवर तेच चित्र पुन्हा घ्या आणि गाडीचं मॉडेल लिहून दोन्ही शेजारी-शेजारी साठवा. तसंच इंजिन पुढच्या वेळी आलं, की निरोगी चित्र कसं दिसतं हे तुमच्याकडे तयार असेल.