अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल कसं सांगावं

"सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला बहुतेक वेळा दोनच तऱ्हेची उत्तरं मिळतात. एकात पुस्तकाचं नाव आणि "मस्त आहे", एवढंच. दुसऱ्यात पहिल्या पानापासून सगळं कथानक. पहिल्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि दुसऱ्यानंतर त्याला ते पुस्तक उघडायचं कारण उरत नाही.

संपलेल्या पुस्तकाचं परीक्षण करणं वेगळं आणि हातातल्या पुस्तकाबद्दल सांगणं वेगळं. परीक्षण करणाऱ्यासमोर सगळं पुस्तक असतं, निवाडा करणं हे त्याचं कामच. अर्ध्यावर असलेल्याला शेवट माहीत नसतो, आणि तीच त्याची जमेची बाजू. पुढे काय होणार ही त्याची उत्सुकता खरी असते, म्हणून ती समोरच्यालाही लागते. तेव्हा निवाडा बाजूला ठेवायचा आणि आपण पुस्तकात कुठवर आलो आहोत, तिथून काय दिसतंय, ते सांगायचं.

वाचतानाची नोंद

सांगायची वेळ आली की आठवत नाही, ही नेहमीची अडचण. त्यात दोष कोणाचाच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो, असं त्याला आढळलं. अर्थपूर्ण मजकूर त्याहून बराच जास्त टिकतो, पण नेमका शब्द, नेमकं वाक्य, पात्राचं आडनाव हे तपशील आधी निसटतात. म्हणून नोंद त्याच दिवशी, शक्यतो पुस्तक मिटता मिटता.

त्यासाठी वही लागत नाही. बोटभर लांबीची कागदाची पट्टी खूण म्हणून ठेवा आणि तिच्यावरच लिहा: पान क्रमांक आणि चार शब्द. "पान ८७, आईचं पत्र, खोटं?" एवढं पुरतं. दिवसाला एक-दोन नोंदी झाल्या तरी पुष्कळ. जास्त लिहायला गेलं की वाचन थांबतं आणि पट्टीही भरून जाते. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर समासात काही लिहू नका. चिकटपट्ट्याही जुन्या, ठिसूळ कागदाला लावू नका. काढताना कागदाचा पापुद्रा निघतो किंवा गोंद मागे राहतो. स्वतःच्या पुस्तकात खुणा करायच्या तर मऊ शिसाची पेन्सिल, हात न दाबता.

नाव-गाव नीट

शीर्षक, लेखक आणि भाषांतर असेल तर अनुवादक. तिसरं नाव गाळणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ती निव्वळ शिष्टाचाराची नाही. एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद असतात आणि तुम्हाला ज्या भाषेने खेचून नेलं ती अनुवादकाची असते. नाव न सांगितल्यास ऐकणारा दुसराच अनुवाद आणतो आणि "हे एवढं काय आवडलं?" म्हणून कोड्यात पडतो.

बाकीचा तपशील शीर्षकपानाच्या मागे छापलेला असतो. तिथे "आवृत्ती" आणि "पुनर्मुद्रण" यांतला फरक बघा. पुनर्मुद्रणात सहसा तोच मजकूर पुन्हा छापतात, नव्या आवृत्तीत तो बदललेला असू शकतो. प्रकाशक हे शब्द नेहमी काटेकोरपणे वापरतात असं नाही, म्हणून "सुधारित" किंवा "संक्षिप्त" असा शब्द आहे का ते शोधा. संक्षिप्त आवृत्ती वाचून मूळ पुस्तकाविषयी बोललं की गोंधळ होतो. पहिल्या प्रकाशनाचं वर्षही सांगावं, विशेषतः विज्ञान, आरोग्य, अर्थकारण अशा विषयांत, कारण तिथे तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही बरोबर असेलच असं नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बोलताना सांगायची गरज नाही, पण कोणी पुस्तक शोधायला निघालं असेल तर लिहून द्या. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे, त्याआधी तो १० अंकी असे. साधी बांधणी, पक्की बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे क्रमांक जुळला नाही म्हणजे पुस्तक चुकलं असं समजू नये.

कुठवर आलात

हे सांगायला लोक विसरतात आणि अर्धे गैरसमज इथेच होतात. "३२० पैकी १४० पानं झाली" हे वाक्य ऐकणाऱ्याला दोन गोष्टी सांगतं: तुमच्या मताला किती वजन द्यायचं आणि तुमच्यासमोर काय बोलायचं नाही.

ई-पुस्तकात बरेचदा पान क्रमांकाऐवजी टक्केवारी दिसते, आणि ती फसवी असते. संशोधनपर पुस्तकांच्या शेवटी टिपा, संदर्भ आणि सूची यांची लांबलचक शेपटी असते, त्यामुळे मुख्य मजकूर ७० टक्क्यांच्या आसपासच संपू शकतो. अक्षरांचा आकार वाढवला की पडद्यावरची पानंही वाढतात, म्हणून "पान २१०" असं सांगून उपयोग नाही. प्रकरणाचं नाव सांगा. श्राव्य पुस्तकाच्या बाबतीत तास सांगताना वेगही सांगा. १२ तासांचं पुस्तक दीडपट वेगाने ८ तासांत संपतं आणि "किती वेळ लागतो?" या प्रश्नाची दोन खरी उत्तरं तयार होतात.

तोंड केव्हा उघडावं? दहा पानांवर नको. सुरुवातीची पानं बऱ्याचदा सर्वांत घासूनपुसून लिहिलेली असतात, त्यावरून पुढचा अंदाज चुकतो. कादंबरीचा एक-पंचमांश भाग झाला की माणसं आणि पेच मांडून झालेले असतात, तेव्हा बोलायला हरकत नाही. कथासंग्रहाच्या दोन-तीन कथा पुरेत. कवितासंग्रहाची एकच कविता अंगावर आली असेल तर तेवढीच सांगा, संग्रहाची वाट बघू नका.

नेमकं काय सांगावं

लिहून सांगायचं असेल तर पाच-सहा वाक्यं, ६० ते १०० शब्द. त्याहून लांब झालं की ते परीक्षण होऊ लागतं. क्रम असा ठेवला तर अडखळायला होत नाही: पुस्तक कोणत्या जातीचं आहे; सुरुवातीची परिस्थिती काय; तुम्हाला धरून ठेवणारी एक ठोस गोष्ट; अडकवणारी एक गोष्ट; आणि ते कोणाला आवडेल.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची. "अप्रतिम", "खिळवून ठेवणारं", "प्रत्येकाने वाचायलाच हवं" हे शब्द कोणत्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणजे कोणत्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. विशेषण लिहिलंत की स्वतःला विचारा: कोणत्या पानावर? उत्तर मिळालं तर ते पानच सांगा आणि विशेषण खोडा.

समजा, एका दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी वाचताय. असं सांगता येईल: "फार सुंदर, मनाला भिडणारी कादंबरी, भाषा ओघवती, पात्रं जिवंत." आणि असंही सांगता येईल: "दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आहे, २४० पैकी ९० पानं झालीत. त्याच्या जागी यंत्र बसणार आहे आणि त्याला ते बायकोला सांगायचं नाहीये. तो रोज रात्री नोंदवहीत हवामान लिहितो. त्या नोंदी हळूहळू हवामानाच्या राहत नाहीत, हे फार आवडतंय. मधली जहाजांची वर्णनं मात्र लांबतात, तिथे मी पानं उलटली. संथ पुस्तक चालत असेल तर घ्या." दुसऱ्यात एकही मोठा शब्द नाही, तरी वाचायचं की नाही हे ऐकणाऱ्याला ठरवता येतं. "पानं उलटली" ही कबुली कापू नका. तिच्यामुळेच बाकीचं कौतुक खरं वाटतं.

"कोणाला आवडेल" हे सांगताना "सर्वांना" हे उत्तर बाद. दुसऱ्या पुस्तकाशी तुलना करायची तर ती कशात सारखी आहे तेही सांगा: वेगात, विषयात की विनोदात. नुसतं "त्याच्यासारखं आहे" म्हटलं की ऐकणारा भलतंच साम्य धरून बसतो.

रसभंग

मलपृष्ठावर जे छापलंय तेवढं सांगायला मोकळीक, असा एक संकेत आहे. तो बहुतेक वेळा चालतो, पण काही मलपृष्ठं निम्मं कथानक फोडून मोकळी होतात. त्यापेक्षा पहिल्या एक-पंचमांश भागातलंच सांगायचं, हा नियम भरवशाचा. जुनं आणि गाजलेलं पुस्तक म्हणून सूट घेऊ नका. समोरच्यासाठी ते आजही नवंच असतं.

न सांगताही फोडता येतं, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. "शेवटी असा धक्का आहे की विचारू नका" म्हटलं की ऐकणारा वाचताना धक्क्याचीच वाट बघतो आणि बरेचदा तो आधीच ओळखतो. "धाकट्या भावावर लक्ष ठेव" हे तर त्याहून वाईट. आणि पुस्तक संपवलेल्यांनी अर्ध्यावर असलेल्यासमोर नुसतं गूढ हसायचंसुद्धा नाही. त्याने अंदाज बांधला तर "हो का?" एवढंच म्हणा, "बरोबर"ही नाही, "चूक"ही नाही.

उतारा आणि छायाचित्र

उतारा दोन-तीन वाक्यांचा, पान क्रमांकासह. पुस्तक समोर ठेवूनच उतरवा, आठवणीतून नको. आठवणीतली वाक्यं नकळत आपल्या बोलीत येतात. ते वाक्य कोण बोलतंय हेही लिहा. खलनायकाच्या तोंडचं वाक्य लेखकाच्या नावाने फिरतं ते एवढ्याशा आळसामुळे. संपूर्ण कविता किंवा प्रकरण उतरवू नका. ते स्वामित्वहक्काच्या दृष्टीने अडचणीचं असतं आणि वाचणाराही उताऱ्यावरच थांबतो.

पानाचं छायाचित्र घ्यायचं तर खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा ठिपका पडून अक्षरं पुसली जातात. फोन पानाला समांतर धरा, नाहीतर ओळी एका बाजूला निमुळत्या होतात. पान सपाट व्हावं म्हणून पुस्तक उलटं मोडू नका: गोंदाच्या बांधणीचा कणा तडकतो आणि पुढे पानं सुटतात. समोरच्या पानावर पुढचं काही दिसत नाही ना, तेही बघा. एका ओळीसाठी काढलेल्या छायाचित्रात शेजारीच प्रकरणाचा शेवट असतो.

चारचौघांत सांगताना

सहा ते आठ जणांचा गट असेल तर प्रत्येकी दोन मिनिटं बोलायला आणि दोन-तीन मिनिटं प्रश्नांना. अर्ध्या-पाऊण तासात फेरी होते. दोन मिनिटांत साधारण २०० ते २५० शब्द बोलून होतात, म्हणजे वर सांगितलेली पाच-सहा वाक्यं आणि एक लहान उतारा. वाचून दाखवायचं असेल तर मिनिटभरच, खूण आधी घातलेली, आणि घरी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेलं. डोळ्यांना सोपी वाटणारी लांब वाक्यं तोंडात अडकतात.

एकाच वेळी तीन पुस्तकं चालू असतील तर तिन्ही सांगू नका. कालच्या रात्री जे हातात होतं ते सांगा. आणि सोडून दिलेलं पुस्तकही सांगण्याजोगं असतं, फक्त पान आणि कारण सांगून: "११० व्या पानावर सोडलं, नातेवाइकांची नावं लक्षात राहीनात." ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने ते वाचलेलं असतं, आणि वंशवृक्ष परिशिष्टात छापलाय हे तोच सांगतो.