मसाला विकायला रील नाही, सेव्ह केलेला नंबर लागतो

मी कराडला घरातून कांदा-लसूण मसाला विकते. बचत गटातल्या बायका हमखास विचारतात, ‘वहिनी, फोनवरून खरंच गिऱ्हाईक येतं का हो?’ येतं. पण नवं कमी, जुनंच परत येतं, आणि आपल्या धंद्यात कमाई त्या परत येण्यातच आहे. म्हणून इन्स्टाच्या मागं लागण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. फुकट आहे.

धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, नाहीतर ऑर्डरी मावसबहिणीच्या गुड मॉर्निंगखाली गाडल्या जातात. कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिथल्या मालाच्या यादीत, फोटो, वजन आणि भाव, तिन्ही टाका. ‘रेटसाठी मेसेज करा’ हा प्रकार मला अजिबात पटत नाही. महागच असणार असं धरून लोक पुढं जातात.

खरी मेख पुढं आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, पण ज्याला-त्याला वेगळा पाठवायची यादी. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण मेसेज पोचतो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांना. बाकीच्यांकडे तो जातच नाही, आणि आपण मात्र लोकांना मसाला आवडला नाही म्हणून खंत करत बसतो. तेव्हा पाकिटावर नंबर छापलात की खाली ‘या नावाने सेव्ह करा’ असंही छापा. ‘पार्सल मिळालं’ असा मेसेज आला की लगेच पुन्हा सांगा. त्या क्षणी माणूस ऐकतो.

मेसेज मोजकेच पाठवा. मिरची घ्यायच्या आधी एक: ‘यंदा बेडगी आणि संकेश्वरी आणतेय, तुमचे किती किलो धरू?’ आकडा आधी कळला की मिरची, खोबरं, धणे बेतानं घेता येतात आणि पैसे पोत्यात अडकून पडत नाहीत. मला तर विक्रीपेक्षा हाच फायदा मोठा वाटतो. दुसरा मेसेज दिवाळीच्या आधी, डबे तळाला लागलेले असतात तेव्हा. रोज सुविचार पाठवलेत तर लोक ब्लॉक करतील, आणि बरोबरच करतील.

फोटो सकाळी दारातल्या उजेडात काढा, स्टीलच्या ताटात. ट्यूबखाली मसाला काळपट दिसतो. पण म्हणून फिल्टर लावून लालभडकही करू नका. भाजलेलं खोबरं आणि तळलेला कांदा घातलेला मसाला तसा नसतोच, मग पाकीट फोडल्यावर ‘रंग कुठं गेला?’ हे ऐकावं लागतं. रील करायचीच तर डंकावर मिरची कुटतानाची करा, त्या आवाजासकट. बघणारे बरेच, घेणारे थोडे, हे धरून चाला. तीच क्लिप स्टेटसला लावली की पुण्या-मुंबईतली आपली माणसं विचारायला लागतात.

पैशाचं म्हणाल तर स्क्रीनशॉटवर विश्वास नको, खात्यात रक्कम आलेली बघा आणि मगच माल पाठवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा. घरगुती असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागतेच. तो 14 आकडी नंबर पाकिटावर आणि कॅटलॉगच्या फोटोत दिसू द्या, अनोळखी गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

आणि पार्सलला पिशवी दुहेरी घ्या. मसाल्याला तेल सुटतं, आणि डागाळलेला खोका चांगल्या मसाल्याच्या आधी लोकांच्या स्टेटसवर जातो.