उकडून सोललेली आयात कोळंबी सीमाशुल्क कोड ०३०६ मध्ये अडकली होती, ती कशी सोडवली (माझा अनुभव)

लक्षण: घोषणापत्रात ०३०६ (कोळंबी, खेकडे अशा कवचधारी जलचरांचा कोड) टाकलं की सीमाशुल्काकडून वर्गीकरणाची हरकत. तेच बीजक पुन्हा पाठवलं, 'माल गोठवलेलाच आहे' म्हणून भांडलो, आरोग्य प्रमाणपत्र जोडलं. काही हललं नाही. डोकं फिरायची वेळ आली.

गोठवलं की नाही हा प्रश्नच नव्हता. कोळंबी कवचासकट वाफवलेली किंवा पाण्यात उकडलेली असेल तर ती प्रकरण ३ मध्येच (मासे व जलचरांचं प्रकरण, ०३०६ त्यातलाच) राहते. कच्ची सोललेलीसुद्धा. पण उकडून कवच काढलं की ती १६०५ मध्ये (तयार केलेल्या किंवा टिकवलेल्या जलचरांचा कोड) जाते.

मग या क्रमाने केलं. आधी एक नग वितळवून पाहिला: गुलाबी, घट्ट, कवच नाही. पुरवठादाराकडून प्रक्रियापत्रक मागवलं; त्यात आधी उकडणं, मग सोलणं स्पष्ट होतं. माल हवाबंद डब्यात नसल्याने १६०५२१ ठरवला (हवाबंद असता तर १६०५२९). त्यानंतर मूळ देशाचं प्रमाणपत्र नव्या कोडने बदलून घेतलं. हे आधीच करा. जुना कोड राहिला तर शुल्कसवलत अडकू शकते. शेवटी घोषणापत्र दुरुस्त करून शुल्कातला फरक भरला. माल सुटला.