ओपन सोर्सची सुरुवात सूचीपासून करा

साताऱ्यात बीसीए, बीएस्सी करणारी मुलं विचारतात, ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिलं काम कोणतं घेऊ? मी त्यांना पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनची (माहितीपुस्तिकेची) सूची, म्हणजे इंडेक्स, उघडायला लावते. इथे नवखेपणा कामाला येतो. जाणकार माणूस नोंद करतो ती उत्तराच्या नावाने. उत्तर माहीत नसलेला कोणत्या शब्दाने शोधेल, हे तुम्हाला जास्त चांगलं ठाऊक असतं.

आपल्याकडे बहुतेकांची पहिली प्रोग्रामिंग भाषा सी. तिथून आलेला विद्यार्थी ‘टर्नरी ऑपरेटर’ (अटीवरून दोनपैकी एक किंमत निवडणारी रचना) शोधणार. पायथनमध्ये त्या भागाचं शीर्षक ‘कंडिशनल एक्स्प्रेशन्स’ आहे, पण सूचीत दोन्ही नावं आहेत आणि इफ, एल्स या शब्दांखालीही तीच जागा सापडते. पायथनच्या ३.८ आवृत्तीत (२०१९) आलेलं, नावाला किंमत देणारं := तर चिन्ह म्हणूनही मिळतं आणि ‘वॉलरस ऑपरेटर’ म्हणूनही. चिन्हांच्या नोंदी मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. * गुणाकारात एक सांगतो, फंक्शनच्या व्याख्येत दुसरं, कॉल करताना तिसरं. नुसता * टाकून सर्च इंजिनकडून काय हाती लागणार? सूचीत मात्र प्रत्येक अर्थाची वेगळी पोटनोंद करता येते.

काम करायची रीत अवघड नाही. मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीत असतो, त्यातल्या ‘इंडेक्स’ सूचनेवरून (डिरेक्टिव्ह) स्फिंक्स हे साधन सूची तयार करतं. ‘सिंगल’ने एक नोंद होते. ‘पेअर’मध्ये दोन शब्द दिले की दोन्हींकडून नोंद होते. मुख्य नोंदीआधी ! लावतात. ‘सी’ (see, म्हणजे ‘पहा’) वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे पाठवतं. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात लेखाखाली ‘पहा’ असतं ना, तसंच.

ही ‘इंडेक्स’ सूचना कुठे लिहिता याकडे नीट लक्ष द्या. सूचीतला दुवा तिथेच उतरतो. माहिती चौथ्या परिच्छेदात आणि सूचना विभागाच्या तोंडाशी असेल, तर वाचक वरच अडकतो आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून परततो. ती थेट त्या परिच्छेदाच्या डोक्यावर हवी. आणि शब्द दिसला की नोंद, असं करू नका. जिथे त्या शब्दाबद्दल खरोखर काही सांगितलंय तिथेच करा. नाहीतर एका शब्दाखाली दहा दुवे जमतात आणि त्यातला कामाचा कोणता ते कळत नाही.

बदल पाठवण्याआधी ‘डॉक’ फोल्डरमध्ये ‘मेक एचटीएमएल’ ही आज्ञा चालवून तयार झालेली सूची स्वतः उघडा, प्रत्येक दुव्यावर क्लिक करा. पायथनचं काम जिथे चालतं त्या गिटहब संकेतस्थळावर तोच मुद्दा आधी कुणी मांडलाय का, हेही बघा. पहिल्यांदा योगदान देताना योगदानकर्त्याच्या करारावर ऑनलाइन सही करावी लागते, ती लगेच उरकते. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) लहान ठेवा: एक विषय, दोन-चार नोंदी. वर्णनात ‘सूची सुधारली’ एवढंच लिहू नका. कोणता वाचक कोणता शब्द शोधेल आणि आज त्याला काय मिळत नाही, ते लिहा. तपासणारा त्याच प्रश्नावर निर्णय घेतो.