‘रन’ शिकायचं तर अर्थ पाठ करू नका

लालबागला माझ्या खोलीत संध्याकाळी शेजारच्या बायका इंग्रजी शिकायला येतात. ‘रन’ म्हणजे धावणं, एवढं प्रत्येकीला येतं आणि गाडी तिथंच अडते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. ते पाठ करायच्या फंदात पडू नका.

आधी बघा, ‘रन’ कोण करतंय. लोकल असेल तर धावते. नाक असेल तर वाहतं. नव्या साडीचा रंग असेल तर तो पहिल्याच धुण्यात जातो. मग पुढं काय आलंय ते बघा. दुकान आलं तर ते चालवायचं. ‘आउट ऑफ’ आलं की वस्तू संपली: गॅस, साखर, सुट्टे पैसे. ‘इंटू’ आणि पुढं माणूस आला, तर तो अचानक भेटला, दादरच्या पुलावर जुनी मैत्रीण भेटते तसा. हा अर्थ मला फार आवडतो. वानखेडेवरची ‘रन’ सगळ्यांना ठाऊकच आहे.

वहीत एका अर्थाला एकच वाक्य लिहा, स्वतःच्या घरातलं, शेजारी मराठी क्रियापद. आमच्या एका मावशींनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘आय रन अ पोळीभाजी केंद्र.’ अगदी बरोबर! आठवड्याला तीन अर्थ पुरेत.